माणसाचा आवाज



चैत्र-वैशाखाच्या दिवसांत, दिवसभर तापलेली जमीन संध्याकाळी जरा निवू लागली म्हणजे घरातून उठावे आणि व्याख्यानाला जाऊन बसावे, ही आपल्याकडची जुनी आवड आहे. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्या वेळी ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याचा गळा जिथवर पोचेल तिथवर सभा, त्यापलीकडे बाजार, असा सरळ हिशेब होता. आज आमच्यासमोर हा ध्वनिक्षेपक ठेवला आहे म्हणून बरे. नाहीतर आमच्या गळ्याचा पल्ला तिसऱ्या रांगेपलीकडे नाही. असा गळा असलेल्या माणसाला चालकांनी विषय दिला आहे ‘माणसाचा आवाज’. पण विहीर किती खोल हे जो एकदा तिच्यात पडला त्याला विचारावे, या न्यायाने निवड चुकलेली नाही. का, ते पुढे सांगतो.

आरंभ आपण सर्वांच्या घरातल्या एका प्रसंगाने करू. रात्रीचे अकरा वाजले आहेत. दाराला आतून कडी आहे. कोणीतरी कडी वाजवते. आपण आतून विचारतो, “कोण आहे?” बाहेरून उत्तर येते, “मी.” आणि आपण उठून दार उघडतो! आता या उत्तराचा विचार करा. ‘मी’ या शब्दाने काय कळले? जगातला प्रत्येक माणूस स्वतःला ‘मी’च म्हणतो. चोरही ‘मी’च म्हणेल. व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर अगदी निरुपयोगी आहे. तरी आपल्याला सारे काही कळते. थोरला आला आहे, दमून आला आहे, आणि बहुधा जेवून आलेला नाही, इतकेही कळते. हे शब्दाने सांगितले नाही, आवाजाने सांगितले. शब्द म्हणजे पत्रातला मजकूर आणि आवाज म्हणजे खालची सही. सही ओळखीची असेल तर मजकूर दोन ओळींचा असला तरी चालतो.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे. ‘आवाज’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पण आता तो इतका घरचा झाला आहे की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. भांड्याचा आवाज होतो, बंदुकीचा होतो, माणसाचाही होतो. पण ‘आवाज फुटला’ असे म्हटले की मुलगा वयात आला, ‘आवाज बसला’ म्हटले की घसा धरला, ‘आवाज चढला’ म्हटले की भांडण जवळ आले, आणि ‘आवाज उठवला’ म्हटले की अन्यायाची गोष्ट आली. विधानसभेत हात न मोजता होकार-नकाराच्या गजरावर ठराव संमत होतो, त्याला आपण ‘आवाजी मतदान’ म्हणतो. म्हणजे आवाज हा मताचाही पर्याय झाला. आणि नुसत्या आवाजाच्या तऱ्हा किती! हाक वेगळी, साद वेगळी, आरोळी वेगळी. कुजबुज, पुटपुट, हुंकार, हुंदका, हंबरडा, टाहो, कण्हणे, चुकचुकणे, खाकरणे या प्रत्येकाला मराठीने निराळी खोली बांधून दिली आहे. सासरे वाड्यात शिरण्यापूर्वी खाकरत, त्यात शब्द एकही नसे. पण ‘आम्ही येत आहोत, पदर सावरा’ हे सबंध वाक्य त्यात असे.

आता हा आवाज निघतो कुठून, ते थोडक्यात पाहू. ज्या पाबळ गावात १९८३ साली डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम काढून हाताने करून शिकण्याचा धडा घातला, तिथे आम्ही फळा-खडू घेऊन ध्वनिशास्त्र सांगणे शोभणार नाही. तेव्हा आपण सर्वांनीच एक प्रयोग करू. गळ्यावर, कंठमण्याशी, दोन बोटे ठेवा. आता ‘स’ हा वर्ण स्वर न मिसळता लांबवा, साप फुत्कारतो तसा. बोटांना काही जाणवत नाही. आता ओठ मिटून ‘म’ लांबवा. बोटांखाली भुंगा गुणगुणल्यासारखे वाटते की नाही? हाच तो आवाज. ‘स’मध्ये नुसती हवा होती, ‘म’मध्ये स्वरतंतू हलले. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी यालाच अघोष आणि घोष अशी नावे देऊन हा भेद दोन हजार वर्षांहून आधी नोंदवून ठेवला, तेही गळ्यात न डोकावता.

गळ्यात डोकावले ते एका गवयाने. मान्युएल गार्सिया हा मूळचा स्पॅनिश घराण्यातला गायनशिक्षक. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचा उजेड पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले. डॉक्टरांच्या आधी गाण्याच्या मास्तराने हे पाहावे, यात आम्हांला मोठी गंमत वाटते. त्याला दिसल्या त्या दोन इवल्याशा मऊ कडा. पुरुषाच्या गळ्यात त्या साधारण पाऊण इंच लांब, स्त्रीच्या गळ्यात अर्धा इंच. फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना उघडते आणि त्या पुन्हा मिटतात. पुरुष बोलतो तेव्हा हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा होते, स्त्री बोलते तेव्हा दोनशेच्या वर, लहान मुलाच्या गळ्यात तीनशेच्या आसपास. तिथे निघतो तो केवळ गुणगुणाट. त्याला घसा, तोंड, जीभ, टाळू, नाक या पोकळ्यांनी आकार दिला म्हणजे त्याचा माणूस होतो. एकाच्या पोकळ्या दुसऱ्यासारख्या नसतात, म्हणूनच दाराबाहेरचा ‘मी’ ओळखता येतो.

ही ओळख किती चिवट असते पाहा. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० या कंपनसंख्यांमधलाच आवाज पोचवी. पुरुषाचा मूळ सूर तर शंभर-सव्वाशेचा. म्हणजे तो मूळ सूर तारेतून येतच नसे, आणि तरी ‘बाबा बोलताहेत’ हे मुलीला पहिल्या ‘हॅलो’ला कळे. मूळ सुराच्या वरच्या पटीतले सूर ऐकून आपला मेंदू खालचा हरवलेला सूर स्वतः भरून काढतो.

आणि ही ओळख सुरू होते केव्हा? जन्मापूर्वीच. अखेरच्या महिन्यांत मूल पोटातून आईचा आवाज ऐकत असते. १९८० साली डीकास्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या अर्भकांच्या तोंडात चोखणी दिली. एका तऱ्हेने चोखले तर आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने चोखले तर परक्या बाईचा. मुले आईच्या आवाजाची तऱ्हा निवडू लागली. डोळे धड उघडलेले नाहीत, तोंड पाहिलेले नाही, पण आवाजाची सही पटलेली आहे! आपल्या आज्या हे प्रयोगाशिवाय जाणत होत्या, रडते मूल दुसरीच्या हातून घेऊन त्या म्हणत, “आईला बोलू दे गं एकदा.”

आता त्या विहिरीत पडण्याची हकीकत. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. साठ-साठ मुलांचा वर्ग, पत्र्याचे छप्पर, बाहेर पाऊस, आणि आत आमचा ‘अफझलखानाचा वध’. काही वर्षांपूर्वी आवाज बसला तो उठेना. कोणी मध-आले सांगितले, कोणी खडीसाखर, कोणी मिठाच्या गुळण्या. महिना गेल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीने पाहून सांगितले, “मास्तर, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. साध्या आहेत, पण तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजही नाही, कुजबुजण्याने घशाला विश्रांती मिळते हा गैरसमज आहे.” जाता जाता सांगून ठेवतो: तीन आठवड्यांवर आवाज घोगरा राहिला तर घरगुती औषधांत वेळ घालवू नका, आणि तंबाखूची सवय असेल तर एक दिवसही थांबू नका.

त्या तीन आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते बी.टी.च्या पुस्तकात नव्हते. पहिली गोष्ट ही की घरातली माणसेही आमच्याशी हळू बोलू लागली, जणू आमचे कानही गेले होते. दुसरी गोष्ट महत्त्वाची. आमच्या वतीने इतर बोलू लागले. दुकानात आम्ही पाटीवर लिहीपर्यंत धीर कोणाला? नातू म्हणे, “आबांना चहाची पूड हवी आहे,” आणि आम्हांला हवी असे काड्यापेटी. पाहुणे आमच्या पत्नीला विचारीत, “मास्तरांचे काय मत?” आणि ती सांगे ते मत आमच्या मताच्या जवळपास असे, पण आमचे नसे. सगळे प्रेमाने बोलत होते. वैरी कोणीच नव्हता. तरीही सतरा-अठराव्या दिवशी आम्हांला वाटू लागले की या घरात मास्तर म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो गृहस्थ दुसराच कोणी आहे. ज्याला आवाज नाही त्याच्याबद्दल लोक बोलतात आणि त्याच्या नावाने बोलतात, पण तो स्वतः त्यात नसतो. आमचे तर तीन आठवडेच होते. पण ज्यांचे सारे आयुष्य असे गेले, पिढ्याच्या पिढ्या गेल्या, त्यांचे काय, हा विचार तेव्हापासून आम्हांला सोडत नाही. आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

गावाचा आवाज म्हणजे पूर्वी दवंडी. सरकारी हुकूम आला, लसीकरण आले, यात्रा ठरली की हलगी वाजे आणि चौकाचौकांत पुकारा होई, “ऐका हो ऐका!” हा पुकारा करणारा माणूस बहुतेक गावी बलुत्यातला, अस्पृश्य मानलेल्या घरातला असे. विचार करा, सबंध गाव ज्याच्या गळ्याने बोलत होते त्याला चावडीत बसून स्वतःचे दोन शब्द सांगण्याची सोय नव्हती! गळा त्याचा, निरोप दुसऱ्याचा. हे वतन नव्हते, ती वेठ होती. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, त्यामागे डॉ. आंबेडकरांची कितीतरी वर्षांची झुंज होती. त्याच आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ठेवले ‘मूकनायक’. मुक्यांचा नायक! आम्ही जेव्हा हे नाव वाचतो तेव्हा आम्हांला वाटते की आवाजाविषयी मराठीत लिहिले गेलेले हे सर्वांत मोठे वाक्य आहे, आणि ते एका शब्दाचे आहे. जिभा सगळ्यांना होत्या, गळे धडधाकट होते. तरी ते मुके होते, कारण ऐकणारे कान बंद होते. आणि त्याच्याही आधी १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. दुसऱ्याने तिची कीव करण्याऐवजी ती स्वतः बोलली. फरक तो एवढाच, आणि तोच सगळा.

आवाज एकट्याचा असतो हेही पुरे खरे नाही. शाहिराकडे पाहा. पोवाड्याचा चढा चौक म्हणता म्हणता त्याचा श्वास संपत येतो, तोच मागचे झीलकरी ‘जी जी’ करून सूर उचलून धरतात. त्या आधारावर शाहीर श्वास घेतो आणि पुढची कडवी फेकतो. ऐकणाऱ्याला वाटते, केवढा दम! तो दम चौघांचा असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या वर्षांत, अमर शेखांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरत, ती अशा साथीवरच. आमच्या या शिरूर-जुन्नर भागाला तर तमाशाचे फड परके नाहीत. नारायणगावच्या विठाबाईंचा आवाज कनातीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू येई, असे सांगणारे अजून आहेत. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली ही कलावंत २००२ साली गेली. आणि वारीत पाहा. दिंडीतले शेकडो लोक, ना समोर कागद, ना कोणी हात हलवणारा, तरी एका चालीत अभंग पुढे सरकतो. केंदूरच्या कान्होराज पाठकांची संतपरंपरा सांगणाऱ्या या मुलखाला हे समजावून सांगायला नको. जो एकटा सुरात गाऊ शकत नाही तोही दिंडीत बेसूर होत नाही. त्याच्या चुका शेजारचा आवाज पोटात घालतो.

मग स्त्रियांच्या आवाजाचे काय? आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास इथे मोठा विचित्र आहे. स्त्रीच्या भूमिकेत पुरुष, आणि स्त्रीच्या गळ्याच्या जागी पुरुषाचा गळा. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांच्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले, आणि ते योग्यच होते. पण त्याच काळात घरंदाज स्त्रीने चार लोकांत गाणे म्हणजे लाज समजली जाई. हिराबाई बडोदेकरांनी तिकिटे लावून जाहीर मैफली केल्या, साधेपणाने बसून अदबीने गायल्या, आणि १९२९ साली नाटक मंडळी काढून रंगभूमीवर स्त्रीच्या भूमिकेत स्वतः उभ्या राहिल्या. स्त्रीचा आवाज स्त्रीच्याच गळ्यातून ऐकू यावा, एवढ्या साध्या गोष्टीला किती धैर्य लागले!

पण त्याहून मोठी सभा आपल्या घराघरांत भरत होती आणि तिची नोंद कोणी घेत नव्हते. पहाटेचा तिसरा-चौथा प्रहर. घर झोपलेले. दोघी जणी समोरासमोर बसून जात्याचा खुंटा धरतात, मुठीने वैरण घालतात आणि घरघर सुरू होते. त्या घरघरीवर ओवी निघते. पहिल्या ओव्या देवाला, मग आईबापांना, भावाला, लेकराला. आणि पीठ पडू लागले, अंग घामेजले, की मग पोटातले दुःख. जी सून दिवसा सासूपुढे मान वर करत नसे ती पहाटे जात्याला सगळे सांगे. आमच्या लहानपणी आम्ही वाकळेत पडून आईची आणि चुलतीची ओवी ऐकली आहे. एके पहाटे आईच्या ओवीत मामाचे नाव आले आणि तिचा आवाज मध्येच थांबला, जाते मात्र फिरत राहिले. दिवसा तिला विचारले, “आई, काय झाले होते?” ती म्हणाली, “काही नाही रे, कोंडा गेला घशात.” मामा त्या वर्षी दिवाळीला न्यायला आला नव्हता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

ही ओवी आजकालची नाही. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षे हा आवाज पहाटे ऐकू येत होता. मग गावात पिठाची गिरणी आली. आम्ही गिरणीला नावे ठेवणार नाही; जिने रोज पायली-पायली दळले आहे तिला विचारा, ती गिरणीला हात जोडील. पण दळणाबरोबर ओवीची जागाही गेली. गिरणीच्या पट्ट्याच्या धडधडीत कोण काय गाणार? आणि गावून ऐकवणार कोणाला?

या विरत चाललेल्या आवाजामागे दोन माणसे धावली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी लिहून घेतल्या, मग १९९० नंतरच्या वर्षांत बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. पॉइटवाँ २००४ साली गेले, पण संग्रह राहिला, आणि २०१७ पासून तो सर्वांना ऐकण्यासाठी खुला होऊ लागला. आमच्या शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या ओव्या त्यात आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्यांना मुके समजले गेले त्या दोन्ही तऱ्हेच्या माणसांचा, म्हणजे स्त्रियांचा आणि दलितांचा, आवाज एका जात्यावर भेटतो. आणि प्रत्येक ओवीला गाणारणीचे नाव आणि गाव जोडलेले आहे. ‘लोकगीत’ असे मोघम नाव देऊन त्या दोघांनी कोणाला मुके केले नाही, ही त्या कामाची सर्वांत मोठी थोरवी.

आता आपण पाबळात बसलो आहोत, तेव्हा एका गळ्याची आठवण केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मस्तानीची कबर आपल्या गावी आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावांनी तिला इनाम दिली होती. मस्तानीबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. ती इतकी गोरी, इतकी नाजूक कांतीची होती, की विडा खाल्ला तर लाल रस गळ्यातून उतरताना बाहेरून दिसे. खरे-खोटे सोडून द्या. ही दंतकथा आहे. पण दंतकथाही काही बोलत असते. जी बाई गाण्यात आणि नाचण्यात निपुण म्हणून तिच्या काळी ओळखली गेली, तिचा गळा अडीचशे-पावणेतीनशे वर्षे लोकांनी नीट न्याहाळून पाहिला. त्या गळ्यातून आत काय जाते, ते आपण पाठ केले. त्या गळ्यातून बाहेर काय येत होते, ते मात्र आपल्याला ठाऊक नाही!

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला, आणि त्यापाठोपाठ मस्तानीही गेली. कशाने गेली, याच्या कहाण्या अनेक आहेत. निश्चित पुरावा एकीलाही नाही. गोविंद सखाराम सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड छापले गेले. पेशव्यांच्या घरची माणसे तिच्याविषयी काळजीने लिहितात, रागाने लिहितात, तिला ठेवावी कशी आणि सोडवावी कशी याचा खल करतात. पण तिने स्वतः लिहिलेली किंवा सांगून लिहवलेली एक ओळ आमच्या तरी वाचनात आलेली नाही. पुढे इनामदारांनी १९७२ साली ‘राऊ’ कादंबरी लिहिली, २०१५ साली मोठा चित्रपट निघाला. त्यांत मस्तानी भरपूर बोलते, सुंदर बोलते; पण ते शब्द इनामदारांचे आणि पटकथाकारांचे. शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे, पुण्याच्या केळकर संग्रहालयात तिच्या महालाचे अवशेष जपून ठेवले आहेत, आपल्या गावी कबर आहे. दगड राहिला, लाकूड राहिले. तिचे म्हणणे तेवढे राहिले नाही. आमच्या मौनाच्या तीन आठवड्यांत नातू चहाची पूड मागे, तसा सबंध महाराष्ट्र तिच्या वतीने बोलत आला आहे. कोणी प्रेमाने, कोणी रागाने; पण दाराबाहेरून ‘मी’ म्हणणारा तो आवाज काही ऐकू येत नाही.

तिच्या काळी इलाज नव्हता. आवाज हवेत विरे तो विरेच. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ केला आणि माणसाचा आवाज पहिल्यांदा माणसाच्या मागे राहू लागला. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर आले, १९२७ साली मुंबईला नभोवाणी सुरू झाली, १९५३ साली पुणे आकाशवाणी केंद्र निघाले, आणि दोनच वर्षांनी माडगूळकर-फडक्यांच्या गीतरामायणाची छप्पन गाणी त्याच केंद्रावरून वर्षभर घराघरांत गेली. आज तर आवाज धरून ठेवायचे यंत्र आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. पण या सोयीबरोबर एक संकटही आले आहे. काही क्षणांच्या ध्वनिमुद्रणावरून कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी संगणकविद्या आता निघाली आहे. लबाड लोक मुलाच्या आवाजात आईला फोन करतात, “मी अडचणीत आहे, पैसे पाठव.” म्हणजे ज्या ‘मी’वर आपण रात्री दार उघडत होतो, ती सहीसुद्धा आता खोटी करता येते. अशा वेळी घाबरू नका. फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर आपण स्वतः फोन लावा. यंत्राला आवाज जमला तरी, परवा जेवताना काय बोलणे झाले, ते त्याला ठाऊक नसते.

तेव्हा आता भाषण आटोपताना आमचे एकच मागणे आहे. आपल्या पाबळात, शेजारच्या केंदुरात, वाड्यावस्त्यांवर, सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या अजून कितीतरी जणी असतील, ज्यांनी जात्यावर दळले आहे. त्यांना वाटते, आपल्याला काही येत नाही. “मला काय विचारता, मी अडाणी बाई,” असेच त्या पहिल्यांदा म्हणतील. या सुट्टीत मुले घरी आहेत. त्यांना आजीपाशी बसवा. आजीला आधी विचारा, तिची खुशी असेल तरच यंत्र चालू करा. घरात जाते असेल तर तिच्यासमोर मांडा. हाताला खुंटा लागला की विसरलेली ओवी आठवते, असे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. ती चुकली तर दुरुस्त करू नका, मध्ये थांबली तर घाई करू नका. थांबण्यातही सांगणे असते. आणि शेवटी तिच्याच तोंडून तिचे नाव, माहेरचे गाव आणि सासरचे गाव वदवून घ्या. हे शेवटचे विसरू नका.

आमच्या आईची ओवी आम्ही अशी ठेवली नाही. आमच्याजवळ तिचे दोन फोटो आहेत, लुगडे आहे, जाते आहे. डोळे मिटून आम्ही तिचे शब्द आठवतो, ते आठवतात. पण आवाज आमच्याच मनातल्या आवाजात ऐकू येतो, तिच्या नव्हे. विहिरीत पडलेला माणूस एवढेच सांगू शकतो. आपण काठावर आहात, वेळ अजून गेलेली नाही.